पडद्यावरचा पट: बोर्ड गेमच्या स्लाइड टेम्प्लेट्सचे परीक्षण

इंदूरच्या मराठी घरांतील बहुतेक मुले शाळेत हिंदी किंवा इंग्रजी माध्यमातून शिकतात, खेळायला खाली उतरली की हिंदीत भांडतात, आणि मराठी त्यांच्या कानावर पडते ती आजी-आजोबांच्या बोलण्यातून, नाहीतर गणपतीच्या दिवसांत. मराठी त्यांना समजते, पण बोलायची वेळ आली की जीभ वळत नाही. अशा आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी मी रविवारी सकाळी गूगल मीटवर मराठी संभाषणाचा वर्ग घेते. सुदामानगर, तिलकनगर, विजयनगर अशा वेगवेगळ्या टोकांना राहणारी मुले दर आठवड्याला एका खोलीत जमवणे कठीण, म्हणून वर्ग ऑनलाइन. आणि ऑनलाइन वर्गात त्यांना तासभर बोलते ठेवणे त्याहूनही कठीण, म्हणून बोर्ड गेमची स्लाइड टेम्प्लेट्स. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीपासून मी ती सातत्याने वापरत आहे. हे परीक्षण एखाद्या कंपनीच्या मालाचे नसून या संपूर्ण प्रकाराचे आहे, आणि ते मराठी शिकवणाऱ्याच्या गरजा डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले आहे.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर, ही गूगल स्लाइड्सची किंवा पॉवरपॉइंटची तयार फाइल असते. पहिल्या स्लाइडवर सापशिडीचा किंवा वळणावळणाच्या वाटेचा पट काढलेला असतो, बाजूला रंगीत सोंगट्या असतात आणि पुढच्या स्लाइड्सवर प्रश्नांसाठी कोऱ्या चिठ्ठ्या. घरांतील मजकूर, रंग, चित्रे, सोंगट्या हे सगळे आपल्याला हवे तसे बदलता येते. स्लाइड्समॅनिया, स्लाइड्सगो, कॅनव्हा अशा ठिकाणी असे पुष्कळ नमुने मोफत मिळतात. शिक्षकांनीच बनवून विकायला ठेवलेले सशुल्क संचही आहेत. वरवर पाहता सगळी सारखीच दिसतात, फरक कळतो तो फाइल उघडून आत हात घातल्यावर.

टेम्प्लेट निवडताना मी सर्वांत आधी पटाच्या चित्रावर क्लिक करून ते ओढून पाहते. चित्र जागचे हलले, तर ते टेम्प्लेट कितीही देखणे असले तरी मुलांच्या हाती देण्याजोगे नाही, कारण सोंगटी पकडायला गेलेल्या मुलाच्या माउसला हमखास पट लागतो आणि साप व शिड्यांसकट सगळा पट स्लाइडच्या कोपऱ्यात जाऊन बसतो. नीट बनवलेल्या टेम्प्लेटमध्ये पट स्लाइडवर ठेवलेला नसतो, तर थीमच्या लेआउटमध्ये, म्हणजे स्लाइडच्या मागच्या साच्यात, असतो, आणि स्लाइडवर मोकळ्या असतात त्या फक्त सोंगट्या. असा पट बदलायचा झाल्यास ‘व्ह्यू’ मेनूतील ‘थीम बिल्डर’मध्ये जावे लागते. नव्या माणसाला हे प्रथम चमत्कारिक वाटते, कारण चित्र समोर दिसत असूनही ते निवडता येत नाही. पण हीच अडचण पुढे वर्गात आपल्याला वाचवते. पैसे देऊन घेतलेल्या एका संचात पटाचे प्रत्येक घर सुटा चौकोन म्हणून स्लाइडवर मांडलेले निघाले. विक्रेत्याने त्याची भलामण ‘सर्व काही बदलता येते’ अशी केली होती, आणि ती एका अर्थी खरीच होती, कारण खेळ सुरू होताच मुलांनी सर्व काही बदलले. अशा टेम्प्लेटवर उपाय आहे: पटाची स्लाइड पीएनजी चित्र म्हणून उतरवून घ्यायची आणि कोऱ्या स्लाइडला तेच चित्र पार्श्वभूमी म्हणून लावायचे. काम पाच मिनिटांचे आहे, पण ते विकणाऱ्याने करून द्यायला हवे होते.

दुसरा प्रश्न देवनागरीचा. ही टेम्प्लेट्स बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर रोमन लिपी असते. गुबगुबीत, खेळकर अक्षरांचे जे फॉन्ट त्यांत वापरलेले असतात त्यांत पुष्कळदा देवनागरी नसतेच, त्यामुळे मराठी मजकूर लिहिताच एखादा साधा, रुक्ष पर्यायी फॉन्ट आपोआप पुढे येतो आणि पटाचा सगळा थाट उतरतो. गूगल स्लाइड्समध्ये फॉन्टच्या यादीतून ‘मोअर फॉन्ट्स’ उघडून लिपी म्हणून देवनागरी निवडली, की कामाचे बरेच पर्याय मिळतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेले ‘बालू’ आणि ‘मुक्ता’ माझ्या विशेष उपयोगाचे आहेत: पहिला मथळ्यांना, दुसरा घरांतील शब्दांना. ‘तिरो देवनागरी मराठी’मध्ये ल आणि श ही अक्षरे मराठी वळणाची मिळतात, आणि ज्या मुलांनी शाळेच्या हिंदी पुस्तकात दुसरे वळण गिरवलेले आहे त्यांना मराठी पुस्तके वाचायला लावताना याचा उपयोग होतो.

फॉन्ट बदलला तरी जागेची अडचण उरते. रोमन लिपीत चार अक्षरी शब्द बसेल एवढेच घर आखलेले असते. देवनागरीत वरची वेलांटी, खालचा उकार आणि जोडाक्षर सांभाळायचे तर उंचीही जास्त लागते. नेहमीची स्लाइड १० इंच रुंद धरली, तर शंभर घरांच्या सापशिडीत एका घराच्या वाट्याला इंचभरही जागा येत नाही, आणि तीत ‘स्वयंपाकघर’ लिहिले तर ते वाचायला मुलांना पडद्याला नाक लावावे लागेल. म्हणून शंभर घरांचे टेम्प्लेट मराठीच्या वर्गाला घेऊच नये असे माझे स्पष्ट मत आहे. पंचवीस-तीस घरांची वाट पुरे होते. घरात चित्र किंवा आकडा ठेवावा आणि मजकूर दुसऱ्या स्लाइडवर देऊन घराला तिची लिंक जोडावी. घरे कमी ठेवण्याला दुसरेही कारण आहे: गूगल मीटच्या मोफत खात्यावर तीन किंवा अधिक माणसांची बैठक ६० मिनिटांनी संपते, आणि डाव अर्धवट राहिल्याचे दुःख मुले पुढच्या रविवारपर्यंत विसरत नाहीत.

आता प्रत्यक्ष वापराविषयी. माझ्या वर्गातील सर्वांत अवघड धडा नपुंसकलिंगाचा आहे. हिंदीत दोनच लिंगे. त्यामुळे ‘माझा घर’, ‘थंडा पाणी’, ‘माझी पुस्तक’ आणि सर्वांत लोकप्रिय म्हणजे ‘माझी चहा’, ही इंदुरी मराठीची नित्याची वाक्ये. तक्ता पाठ करून घेतला तर मुले तक्ता म्हणून दाखवतात आणि पुढच्याच वाक्यात पुन्हा ‘माझी चहा’वर येतात. यासाठी मी वळणाच्या वाटेचे एक मोफत टेम्प्लेट घेऊन त्याच्या घरांत फक्त चित्रे भरली: दही, खिडकी, आवाजासाठी घंटा, चहाचा कप, पुस्तक, दार, पंखा. सोंगटी ज्या घरात थांबेल त्या वस्तूविषयी मुलाने विशेषणासह पूर्ण वाक्य बोलायचे, आणि ते बरोबर की चूक हे इतर मुलांनी ठरवायचे. बरोबर असेल तर सोंगटी तेथेच राहते, चुकले तर एक घर मागे. शिडी मिळाली तर त्याच वस्तूचे अनेकवचन करूनच वर चढायचे. हिंदी शब्द तोंडून गेला की साप, असा नियम मुद्दाम ठेवलेला नाही, कारण तसे केले की मूल चुकण्याच्या भीतीने गप्प बसते, आणि मग खेळ कशासाठी मांडला हाच प्रश्न पडतो.

या डावात जे घडते ते तक्त्याने घडत नाही. एका मुलीची सोंगटी दह्यावर आली. तिने ‘हा दही आंबट आहे’ म्हटले. दुसऱ्या खिडकीतून लगेच आक्षेप आला, ‘ताई, हे दही’. तिने ऐकले नाही, म्हणाली, आमच्याकडे हाच म्हणतात. मग तिची आजी, जी तोवर मागे भाजी निवडत होती, कॅमेऱ्यात डोकावून म्हणाली, ‘आपल्याकडे कधीपासून हा दही व्हायला लागला गं?’ सोंगटी एक घर मागे गेली ती त्या मुलीने स्वतःच, जरा फणकाऱ्याने, ओढून नेली. त्यानंतर दह्याच्या बाबतीत ती चुकलेली मी ऐकलेली नाही, आणि चहाच्या बाबतीत ती आता इतरांना पकडते.

सोंगटी मुलाने स्वतः ओढणे हा या साधनाचा खरा गुण आहे, आणि टेम्प्लेटचे मोल मी त्यावरूनच ठरवते. शिक्षकाने आपला पडदा दाखवायचा आणि मुलांच्या वतीने सोंगट्या सरकवायच्या, या पद्धतीत मुले काही वेळातच प्रेक्षक होतात. मात्र येथे एक तांत्रिक बाब नीट समजून घ्यावी लागते. गूगल स्लाइड्समध्ये सादरीकरण सुरू केल्यावर काहीही ओढता येत नाही. सोंगट्या हलतात त्या संपादनाच्या नेहमीच्या दृश्यातच. म्हणजे मुलांना फाइलची लिंक ‘एडिटर’ म्हणून द्यावी लागते, आणि ती दिली की फाइल त्यांची होते. खात्यात न शिरता लिंक उघडणारे मूल वरच्या कोपऱ्यात ‘अनामिक’ अशा एखाद्या प्राण्याच्या रूपात दिसते, त्यामुळे साप पुसून टाकणारा नेमका कोण हे कळत नाही. प्रत्येकाची सोंगटी आणि तिच्यावरचे नाव ‘ग्रुप’ करून ठेवावे, नाहीतर नाव मागे राहते आणि सोंगटी पुढे जाते. फार बिघडलेच तर ‘व्हर्जन हिस्टरी’मधून डाव आधीच्या स्थितीला आणता येतो, कंट्रोल आणि झेड दाबून ते होत नाही, कारण त्याने आपलेच बदल मागे जातात, मुलांचे नाही. वर्ग संपताच लिंकची परवानगी ‘व्ह्यूअर’वर आणावी. उघड्या लिंकच्या पटावर मुलांची पूर्ण नावे किंवा छायाचित्रे ठेवू नयेत. फळांची किंवा पक्ष्यांची नावे पुरतात, आणि तीही मराठीतच शिकवून होतात.

ज्या घरात लॅपटॉप आहे तेथे मीट एका बाजूला आणि पट दुसऱ्या बाजूला ठेवून सगळे सुरळीत चालते. फोनवर मात्र हा प्रकार लंगडा पडतो. स्लाइड्सचे अॅप उतरवून घेतलेले असेल तर सोंगटी हलवता येते, पण बोटाने नेमकी तीच पकडणे, पट मोठा-लहान करणे आणि त्याच वेळी मीटमध्ये बोलत राहणे दहा वर्षांच्या मुलाला जमत नाही. अशा मुलांच्या सोंगट्या त्यांच्या सांगण्यावरून मी किंवा त्यांचा जोडीदार हलवतो. त्याचा एक अनपेक्षित लाभ असा, की ‘पुढे’, ‘मागे’, ‘वळणावरून डावीकडे’, ‘शिडीच्या पायथ्याशी’ हे सगळे त्यांना मराठीत सांगावेच लागते. तरीही ज्यांच्या वर्गात बहुतेक मुले फोनवरच असतात त्यांनी या टेम्प्लेट्सवर फार वेळ घालवू नये.

फाशांच्या बाबतीत टेम्प्लेट बनवणाऱ्यांनी केलेले प्रयत्न मला अनावश्यक वाटतात. काहींमध्ये फाशाच्या सहा बाजूंच्या स्लाइड्स एकामागून एक फिरवून क्लिकने थांबवण्याची सोय असते. पॉवरपॉइंटमध्ये ती बरी चालते. गूगल स्लाइड्समध्ये आपोआप पुढे जाण्याचा सर्वांत कमी अवधी एक सेकंदाचा असल्यामुळे फासा इतका संथ फिरतो की चलाख मूल सहाचा आकडा येताच तो थांबवते. गूगल शोधाच्या चौकटीत इंग्रजीत ‘रोल डाइस’ लिहिले की फासा पडतो, तेवढा पुरेसा आहे. पण सर्वांत रंगत येते ती मुलांनी घरचा फासा कॅमेऱ्यासमोर टाकल्यावर. एका घरात फासा सापडेना, तेव्हा आजोबांनी देवघरातल्या डबीतून कवड्या आणल्या, ओंजळीत खुळखुळवून ताटलीत टाकल्या, आणि उताण्या किती पडल्या ते मोजून ‘चार दान पडलं’ असे जाहीर केले. पुढच्या रविवारी अर्ध्या वर्गाकडे कवड्या होत्या. एवढे रंगीत टेम्प्लेट बनवणाऱ्यांपैकी कोणाला कवड्या सुचलेल्या नाहीत. मी त्यांची चित्रे सोंगट्यांच्या शेजारी स्वतः बसवून घेतली आहेत.

रकान्यांत गुण लिहिलेल्या प्रश्नमंजुषेची टेम्प्लेट्स, म्हणजे शंभराचा प्रश्न, दोनशेचा प्रश्न असे निवडायचे, ही सर्वाधिक प्रमाणात मिळतात आणि शिक्षकांत सर्वाधिक प्रिय आहेत. मला ती दुय्यम वाटतात. उत्तर ज्याला येते तोच बोलतो, आणि बाकीचे त्याच्याकडे पाहत बसतात. संभाषणाच्या वर्गात जे हवे त्याच्या हे उलट झाले. शिवाय त्यांतील चांगले नमुने पॉवरपॉइंटच्या ट्रिगरवर (ठरावीक चित्रावर क्लिक केले की ठरावीक हालचाल) आणि अॅनिमेशनवर उभारलेले असतात, आणि गूगल स्लाइड्समध्ये आणल्यावर ट्रिगर चालत नाहीत, त्यामुळे प्रश्नासोबत उत्तरही एकदमच समोर येते. इतिहास, विज्ञान अशा विषयांच्या उजळणीला त्यांचा उपयोग होईल.

याउलट प्रवासाचा नकाशा असलेली टेम्प्लेट्स, जी बहुधा खजिन्याच्या बेटाच्या चित्रासह येतात, त्यांच्याकडे शिक्षकांचे फारसे लक्ष जात नाही, आणि मला ती सर्वांत समृद्ध वाटली. अशा एका टेम्प्लेटमधले बेट, जहाज आणि कवटी काढून टाकून मी ‘चौंडी ते महेश्वर’ असा पट केला. पहिले घर १७२५, अहिल्याबाईंचा जन्म. मग होळकरांच्या घरी सून म्हणून येणे, १७५४, कुंभेरीच्या वेढ्यात खंडेरावांचा मृत्यू, येथे साप, १७६६, मल्हाररावांचा मृत्यू, पुन्हा साप, १७६७, कारभार हाती घेणे, येथे शिडी, महेश्वरला राजधानी, १७८०, काशी विश्वनाथाचे मंदिर, आणि १७९५ चे शेवटचे घर. प्रत्येक घरावर मुलाने भूतकाळात एक वाक्य बोलायचे. ‘अहिल्याबाईंनी घाट बांधला’, ‘मंदिर बांधले’, ‘विहीर बांधली’: नपुंसकलिंगाचा तोच धडा येथे क्रियापदाच्या रूपाने परत येतो, आणि राजवाड्यासमोरून रोज जाणाऱ्या मुलांना तो परका वाटत नाही. साप कोठे ठेवावा यावर वर्गात वाद झाला. एका मुलाचे म्हणणे असे, की मल्हारराव गेले नसते तर अहिल्याबाई गादीवर आल्याच नसत्या, मग त्या घरात साप का? हा वाद सगळा मराठीतच झाला, मध्येमध्ये ‘लेकिन’ येत राहिले एवढेच.

आपल्याकडच्या जुन्या मोक्षपटात, ज्याची रचना परंपरा ज्ञानदेवांकडे देते, घरांना सद्गुण-दुर्गुणांची नावे असत, आणि साप कोठे व शिडी कोठे यामागे विचार असे. आजच्या बहुतेक टेम्प्लेट्समध्ये साप आणि शिड्या केवळ चित्राच्या सोयीने पसरलेल्या असतात. त्या हलवता येणे म्हणूनच महत्त्वाचे आहे, आणि पटाबरोबर त्याही एकाच चित्रात चिकटवून टाकणाऱ्या टेम्प्लेट्सना मी एक पायरी खाली ठेवते. साप-शिड्या थीम बिल्डरमध्ये सुट्या, सोंगट्या स्लाइडवर सुट्या आणि पट पार्श्वभूमीत, अशी तीन थरांची रचना ज्यात आढळेल ते घ्यावे.

खर्चाविषयी बोलायचे तर, मोफत टेम्प्लेट्समध्येच आपले काम भागते. सशुल्क संचांत रंग अधिक, नमुने अधिक, आणि सूचनांची पाने पुष्कळ असतात, पण रचना मोफत नमुन्यांपेक्षा चांगली असेलच असे नाही. मागे सांगितलेला सुट्या चौकोनांचा पट पैसे मोजूनच आलेला होता. विकत घ्यायचेच असेल तर नमुन्याची एक स्लाइड आधी उघडून पाहू देणाऱ्याकडूनच घ्यावे. मोफत टेम्प्लेट्सना अटी असतात: श्रेयाची स्लाइड किंवा निर्मात्याचा उल्लेख तसाच ठेवावा लागतो, आणि फाइल टेम्प्लेट म्हणून पुन्हा विकण्याची किंवा दुसरीकडे चढवण्याची मुभा बहुधा नसते. पालकांना घरी खेळायला पट द्यायचा असल्यास, अटींत बसत असेल तर, फाइलच्या पत्त्याच्या शेवटी असलेल्या ‘एडिट’च्या जागी इंग्रजीत ‘कॉपी’ लिहून ती लिंक पाठवावी. ज्याच्या हाती ती लागेल त्याची स्वतंत्र प्रत तयार होते आणि आपला मूळ पट जसाच्या तसा राहतो. दह्यावरून नातीशी वाद घालणाऱ्या आजींनी तशी एक प्रत मागून घेतली असून, त्यांना त्यात घरे थोडी मोठी हवी आहेत.